खानदेशचीं धाबीं आणि उष्णतेचा हिशेब

घर कशासाठीं बांधावयाचें, या प्रश्नाचें उत्तर देशपरत्वें बदलतें. उत्तर युरोपांतील माणूस थंडीपासून बचाव व्हावा म्हणून भिंत उभारतो. खानदेशांतील माणूस उन्हापासून बचाव व्हावा म्हणून. तेथें शेगडीची ऊब बाहेर निसटूं नये ही चिंता, तर येथें वैशाखांतील दुपार आंत शिरूं नये ही. निसर्गाचा नियम मात्र दोन्हीकडे एकच. उष्णता नेहमीं अधिक तापलेल्या बाजूकडून कमी तापलेल्या बाजूकडे जाते. भिंत वा छप्पर तिला अजिबात थांबवूं शकत नाहीं; तिचा ओघ तेवढा कमी करतें आणि तिला उशीर लावतें. हा ओघ मोजण्याच्या गणिताचा इतिहास आणि खानदेशच्या घरांचा इतिहास शेजारीं ठेवून पाहिले असतां एक विचार करण्याजोगी गोष्ट दृष्टीस पडते.

गणिताचा पाया जुना आहे. तापलेली वस्तु कोणत्या प्रमाणांत निवते, यासंबंधीं न्यूटननें १७०१ सालीं लिहिलें. त्यानंतर १८२२ सालीं जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञानें उष्णतेच्या वहनावरील आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला आणि घन पदार्थांतून उष्णता कशी वाहते याचें शास्त्र बसवून दिलें. त्यांतील घराच्या उपयोगाचा भाग त्रैराशिक जाणणाऱ्या कोणासही समजेल. थराची जाडी त्या पदार्थाच्या वाहकतेनें भागिली कीं त्या थराचा रोध निघतो. सर्व थरांचे रोध मिळवावयाचे, आंतल्या व बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या हवेचा रोध त्यांत घालावयाचा आणि एकास त्या बेरजेनें भागावयाचें. जी संख्या येते तिला 'यू-मूल्य' म्हणतात. दोन्ही बाजूंच्या हवेंत एक अंशाचा फरक असतां एक चौरस मीटर छपरांतून किती वॉट उष्णता पार होते, हें ती संख्या सांगते. संख्या लहान तितकें छप्पर चांगलें.

हें गणित कायद्यांत शिरलें तें प्रथम थंड देशांतून. इंग्लंडमध्यें १९६५ च्या बांधकाम-नियमांत घराच्या भिंती व छपरें यांच्या यू-मूल्यांस मर्यादा घातलेल्या होत्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्या पुष्कळच कडक झाल्या. भारतांत ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ सालीं संमत झाला, २००७ सालीं मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं संहिता आली आणि राहत्या घरांसाठीं 'इको-निवास संहिते'चा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. या संहितेनें भारताच्या हवामानाचा भेद चांगला ओळखला. केवळ थंड प्रदेशापुरती तिनें भिंती-खिडक्यांतून बाहेर जाणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली. उरलेल्या चार हवामान-प्रदेशांत आंत येणारी उष्णता मोजावयास सांगितली आणि तिची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉट ठरविली. छपरासाठीं मात्र सर्व देशांत एकच अट : यू-मूल्य १.२ पेक्षां अधिक नसावें.

आतां खानदेशाकडे वळूं. १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन भाग झालेला, आणि आज जळगांव, धुळें व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत वांटलेला हा तापीकांठचा प्रदेश. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढणें ही नवलाची गोष्ट नव्हे. अशा मुलखांत अमळनेर, एरंडोल, पारोळें, चोपडें, शिरपूर येथील जुनीं घरें धाब्याचीं. जाड मातीच्या भिंती, त्यांवर लांकडी कडीपाट, आणि कडीपाटावर चोपून बसविलेला पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वीं त्यावर खारी माती घालून धाबें पुन्हां नीट करावयाचें, हा वर्षाचा नेम.

या धाब्यास आजच्या संहितेची कसोटी लावून पाहावी. अडीच सेंटिमीटरांची फळी आणि तिच्यावर तीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक फूट, माती धरली तर मातीचा रोध ०.५८, फळीचा ०.१८ व हवेचा ०.२१ येतो. बेरीज ०.९७, म्हणून यू-मूल्य सुमारें १.०३. म्हणजे ज्या गवंड्यानें फूरियेचें नांवही ऐकलें नव्हतें, त्याचें छप्पर २०१८ च्या मर्यादेंत बसतें! उलट पंधरा सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचें यू-मूल्य ३.३ च्या आसपास येतें, आणि नुसत्या लोखंडी पत्र्याचें ४.८. दहा चौरस मीटरांच्या खोलींत, बाहेर ४५ व आंत ३५ अंश असतां, धाब्यांतून सुमारें १००, स्लॅबमधून ३३० आणि पत्र्यांतून ४८० वॉट उष्णता उतरेल. हा हिशेबही केवळ हवेच्या फरकाचा. उन्हांतील पत्रा हवेहून कितीतरी अधिक तापतो, तेव्हां प्रत्यक्ष स्थिति याहून बिकट.

यू-मूल्य उष्णता किती येते हें सांगतें. ती केव्हां येते हें सांगत नाहीं. फूरियेनें दिवसाच्या व ऋतूंच्या फेऱ्याबरोबर जमिनींत उतरणाऱ्या उष्णतेच्या लाटेचाही विचार केला होता. त्या गणितानें पाहिलें तर फूटभर कोरड्या मातींतून दुपारची लाट खालीं येण्यास आठ-दहा तास लागतात, आणि पोंचते तोंवर ती फारच क्षीण झालेली असते. स्लॅबमधून तीच लाट चारएक तासांत, म्हणजे दिवेलागणीच्या सुमारास, पुष्कळसा जोर राखून उतरते. पत्र्याला तर विलंब असा नाहींच. धाब्याखालचीं माणसें दुपारीं घरांत व रात्रीं धाब्यावर किंवा अंगणांत निजत. त्यांची ही दिनचर्या घराच्या घड्याळाशीं जुळलेली होती.

मग धाबीं गेलीं कां? त्यास कारणेंही तशींच सबळ आहेत. लोखंडाचा नालीदार पत्रा १८२९ सालीं लंडनमध्यें निघाला, आणि १८५३ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग पुढील दशकांत भुसावळपर्यंत येतांच असा माल खानदेशांत येणें सोपें झालें. पुढें सिमेंट आलें. धाब्याला सागवान लागतें, तें महाग झालें. दरसालची डागडुजी करणारे हात गांव सोडून गेले. अतिवृष्टींत गळणाऱ्या व भार वाढून खचणाऱ्या छपराची भीति होतीच. पत्रा व स्लॅब यांनीं पावसाचा प्रश्न सोडविला, हें त्यांचें मोठेंच यश. परंतु तो सोडवितांना उन्हाचा प्रश्न कोणीं मोजला नाहीं.

आणि येथेंच संहितेचीही मर्यादा दिसते. ती लिहिली गेली ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठीं, आणि तीही राज्यांनीं आपापल्या नियमांत उतरविल्यावर. ज्याच्या डोक्यावर यू-मूल्य ४.८ चें छप्पर आहे तो मजूर, हमाल किंवा गिरणी-कामगार अशा भूखंडावर राहत नाहीं. जेथें हिशेबाची सर्वांत अधिक गरज, तेथवर तो पोंचतच नाहीं. आणि उष्णतेच्या लाटेंत रात्रीही अंग निवूं न शकल्यानें दगावतात तीं माणसें बहुधा अशाच छपरांखालचीं.

धाबीं पुन्हां घालावीं असा याचा अर्थ नव्हे. स्लॅबवर सुमारें दोन सेंटिमीटर पॉलिस्टायरीनचा थर व त्याच्या रक्षणार्थ वर लादी घातली तरी यू-मूल्य १.२ च्या आंत येतें. पत्र्यावर चुन्याची पांढरी सफेती दिली तर ऊन बरेंचसें परत जातें. पत्र्याखालीं हवेची पोकळी ठेवून दुसरें आच्छादन लावलें तर रोध वाढतो. हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. घरकुलाचा नकाशा मंजूर करतांना पाया किती खोल हें जसें विचारलें जातें, तसेंच छपराचें यू-मूल्य किती हेंही खानदेशांत विचारलें गेलें पाहिजे. खानदेशच्या गवंड्यांनीं तें उत्तर मातीनें व अनुभवानें दिलें होतें; आतां तें पाटीवर मांडून दाखवितां येतें, एवढाच फरक.