पदावलीतील क्रियाक्रम

एकाच पदावलीत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशा अनेक क्रिया आल्या असता कोणती आधी करायची हे ठरवणारा संकेत. त्यानुसार ८ + २ × ५ ची किंमत १८ येते. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हेच दाबत गेले तर ५० येते, कारण तो बटणे दाबल्याच्या क्रमाने हिशेब करत जातो. क्रियाक्रम ही लिखाणाची रीत असल्याने ती सिद्ध करता येत नाही, पाळावी लागते.

मराठी शाळांत हा क्रम ‘कंचेभागुबेव’ या शब्दाने पाठ करवून घेतात : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शब्द जिभेवर चटकन बसतो, पण घोटाळाही तोच करतो. ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून मुले १० − ३ + २ मध्ये आधी बेरीज उरकतात आणि ५ लिहून मोकळी होतात. वास्तविक बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच, तसाच भागाकार-गुणाकाराचाही. सारख्या मानाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करत जायच्या. उत्तर ९. अमेरिकेतील ‘पेमडास’मध्ये गुणाकाराचे अक्षर आधी येते, आपल्याकडील ‘बॉडमास’मध्ये भागाकाराचे, तरी २४ ÷ ४ × ३ चे उत्तर दोन्हीकडे १८च. घातांकाला तर कंचेभागुबेवमध्ये अक्षरच नाही. तो कंसानंतर लगेच सोडवतात.

खरी मेख ‘चे’मध्ये आहे. ३६ ÷ १२ चे १/३ यात आधी १२ चे १/३, म्हणजे ४ काढतात; उत्तर ९. ‘चे’च्या जागी × लिहिले की उत्तर १ होते. म्हणजे ‘चे’ हा गुणाकारच, पण भागाकाराहून घट्ट बांधलेला. चिन्ह न लिहिता केलेल्या गुणाकारालाही हा मान द्यावा का, हा वाद जुना आहे. एन. जे. लेनेस यांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते की बीजगणितात ९अ² ÷ ३अ चे उत्तर सगळे ३अ धरतात. डावीकडून उजवीकडे काटेकोर गेल्यास ते ३अ³ यायला हवे. २०१९ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलेले ८ ÷ २(२ + २) हे त्याच वादाचे पिल्लू. २(२ + २) ला ‘चे’चा मान दिला तर उत्तर १, न दिला तर १६. यंत्रांतही एकवाक्यता नाही : टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८२ असा गुणाकार आधी करते, टीआय-८३ करत नाही. अशा गणितात दोष सोडवणाऱ्याचा नसतो, एक कंस वाचवणाऱ्याचा असतो.

÷ हे चिन्ह भागाकारासाठी योहान रान याने १६५९ मध्ये छापले. आयएसओ ८००००-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते आता वापरू नये. भागाकार आडव्या किंवा तिरक्या रेघेने दाखवावा.