लाल किल्ल्यातील खटला व सैनिकाचा बचावाचा अधिकार

रणांगणावर सैनिकाने गाजविलेल्या पराक्रमाचे पोवाडे आपण आवडीने ऐकतो. परंतु तोच सैनिक आरोपी म्हणून न्यायासनापुढे उभा राहिला, तर त्याच्या वतीने बोलणार कोण, हा प्रश्न आपल्या घरांतून क्वचितच विचारला जातो. आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज सैन्यात आहेत व कित्येक वडीलधारे निवृत्त होऊन गावी परतले आहेत. त्यांच्या कुटुंबीयांस उपयोगी पडावा म्हणून या प्रश्नाचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

दिनांक १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोनच दिवसांनी तेथील फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिकांस एकत्र करण्यात आले आणि ब्रिटिशांच्या वतीने लेफ्टनंट कर्नल हंट यांनी त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केले. या युद्धकैद्यांतूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. दिनांक २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन केले. सावंतवाडी संस्थानातील तिरोडे गावचे सुपुत्र जगन्नाथराव भोसले हे या सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एक होत.

युद्ध संपताच इंग्रज सरकारने कॅप्टन शाहनवाझ खान, कॅप्टन प्रेमकुमार सहगल व लेफ्टनंट गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरला. १९११ च्या लष्करी कायद्यान्वये बसलेल्या या न्यायालयाचे अध्यक्ष मेजर जनरल ब्लॅक्सलँड होते. दिनांक ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुनावणी सुरू झाली. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे हा तिघांवरील मुख्य आरोप होता. त्याखेरीज खून अथवा खुनास साहाय्य असेही आरोप होते. लष्करी न्यायालयात निवाडा देणारे सर्व सभासद सैन्याधिकारीच असतात. अशा ठिकाणी आरोपीस कसलेल्या वकिलाचे पाठबळ किती मोलाचे ठरते, हे या खटल्याने दाखविले.

काँग्रेसने बचाव समिती नेमली. सर तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफ अली अशी थोर मंडळी तीत होती. पंडित जवाहरलाल नेहरूंनीही कित्येक वर्षे बाजूस ठेवलेला बॅरिस्टरचा झगा पुन्हा अंगावर चढविला. मुख्य भार मात्र मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील भुलाभाई देसाई यांनी उचलला. त्यांची प्रकृती ढासळलेली होती, तरी समारोपाचे भाषण त्यांनी दोन दिवस केले. पारतंत्र्यातील प्रजेस स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा अधिकार आहे. संघटित सरकारच्या सैन्याने युद्धात केलेल्या कृत्यांचे मोजमाप सामान्य फौजदारी कायद्याने करता येत नाही. आणि फॅरर पार्कवर ज्यांस परक्याच्या हाती सोपविले, त्यांच्याकडून पूर्वीच्या निष्ठेची अपेक्षा धरता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

दिनांक ३१ डिसेंबर १९४५ रोजी सुनावणी संपली. युद्ध पुकारल्याचा आरोप तिघांवरही शाबीत धरण्यात आला, परंतु खुनासंबंधीच्या आरोपांतून सहगल व धिल्लाँ सुटले. कायद्याने फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी यांहून कमी शिक्षा देण्यास वाव नव्हता, म्हणून तिघांस जन्मठेप, बडतर्फी व थकित वेतनाची जप्ती अशी शिक्षा झाली. लष्करी न्यायालयाची शिक्षा वरिष्ठांच्या मंजुरीवाचून अमलात येत नसे. दिनांक ३ जानेवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. बडतर्फी व जप्ती मात्र कायम ठेवली. न्यायालयातील युक्तिवादाने देशभर जो लोकमताचा लोट उसळला, त्याच्यापुढे सत्तेस नमावे लागले. भुलाभाई दिनांक ६ मे १९४६ रोजी निवर्तले.

या तिघांमागे सारा देश उभा होता. सामान्य शिपायामागे कोण उभे राहणार? स्वतंत्र भारतात १९५० चा लष्करी कायदा आला. घटनेच्या ३३ व्या कलमाने शिस्तीसाठी सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा संसदेस दिली आहे. जनरल व डिस्ट्रिक्ट कोर्टमार्शलमध्ये आरोपीस वकील देता येतो. समरी कोर्टमार्शलमध्ये मात्र पलटणीचा कमांडिंग ऑफिसर हाच न्यायाधीश असतो. तेथे आरोपीस सल्लागार जवळ बसविता येतो. पण त्या सल्लागारास साक्षीदारांची उलटतपासणी करता येत नाही की न्यायालयापुढे बोलता येत नाही. अशा न्यायालयातून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते व नोकरीही जाऊ शकते, हे ध्यानी घेतले म्हणजे या उणिवेचे गांभीर्य कळते.

लष्करी निवाड्यावर एकदाही अपील नसावे, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पृथीपालसिंग बेदी खटल्यात खंत व्यक्त केली. पुढे २००७ साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला व २००९ साली न्यायाधिकरण सुरू झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. तेथे आरोपीप्रमाणेच निवृत्त सैनिक व वीरपत्नी यांसही आपल्या पसंतीचा वकील देऊन दाद मागता येते. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे १९८२ च्या नकारा खटल्यात ठरले. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो पुढे जडला, तर तो नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर पडत नाही, हे २०१३ च्या धरमवीरसिंग खटल्यात स्पष्ट झाले.

परंतु हक्क कायद्याच्या पुस्तकात असून भागत नाही. तो मागणारा लागतो. म्हणून प्रत्येक सैनिक कुटुंबाने सेवामुक्तीचे पुस्तक, वैद्यकीय मंडळाचे कागद व पेन्शनचा आदेश जपून ठेवावा. अर्ज नामंजूर झाल्यास ते उत्तर लेखी घ्यावे, कारण न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत सामान्यतः त्यानंतर सहा महिन्यांची असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करण्यास संकोच धरू नये. आपल्या ज्ञातीत वकिली करणाऱ्या मंडळींची संख्या वाढत आहे. त्यांपैकी काहींनी लष्करी कायद्याचा अभ्यास करून अशा घरांची कामे अल्प मोबदल्यात स्वीकारली, तर ज्ञातिसेवा व देशसेवा ही दोन्ही एकाच हाताने घडतील. भुलाभाईंनी तीन अधिकाऱ्यांसाठी जे केले, ते एखाद्या अनाम शिपायासाठी करणाराही तितकाच धन्य होय.