माग, गिरणी, विडी : सोलापूरच्या बायकांनी बदललेली कामं

आपल्या गटांतल्या कितीतरी घरची माणसं काम शोधायला सोलापूरला, पुण्याला जातात. तिथं गेलं की जुनं काम विसरायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, असं बैठकीत नेहमी बोललं जातं. म्हणून आज आम्ही सोलापूरचीच गोष्ट सांगतो. या शहराचा मोठा भाग बाहेरून आलेल्या आणि पिढीगणिक काम बदलावं लागलेल्या माणसांनी उभा केला आहे.

सोलापुरातले पद्मशाली विणकर मूळचे तेलंगणातले. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकात ही कुटुंबं इकडे येत राहिली. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली. सूत आणणं, कापड बाहेर पाठवणं सोपं झालं. १८७६ ते १८७८ या काळात दक्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि खेड्यापाड्यांतली माणसं पोटासाठी बाहेर पडली. त्याच सुमारास, १८७७ साली, सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. लोक तिला आजही जुनी मिल म्हणतात.

आता हातमागाच्या घरात बाईचं काम काय होतं ते बघा. सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, ताणा तयार करायला हात लावायचा. कांडी भरलेली नसेल तर धोटा रिकामा आणि माग बंद. तरी विणकर म्हणून नाव पुरुषाचं आणि मजुरीही त्याच्याच हातात. बाईच्या कामाला ‘घरची मदत’ म्हणायचे.

गिरण्या वाढल्या तशा बायकाही तिथं कामाला लागल्या. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्या जास्त असत. तिथं मजुरी त्यांची स्वतःची होती. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. पण पुढं कापड गिरण्यांत बायकांची संख्या कमी होत गेली. १९६०च्या दशकात जुनी मिल बंद पडली, नंतरच्या काही दशकांत इतर मोठ्या गिरण्याही बंद पडल्या. घरातल्या पुरुषाची नोकरी गेली, चूल मात्र रोज पेटवायचीच होती.

अशा कितीतरी घरांत ती चूल विडीनं चालवली. पानं भिजवायची, मापानं कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. घरी बसून, मुलं सांभाळून करता येतं म्हणून हजारो बायका यात आल्या. पण यात सुख आहे असं आम्ही म्हणणार नाही. पाठ भरून येते, तंबाखूची धूळ छातीत जाते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत.

तरी एक गोष्ट इथं वेगळी घडली. १९६६ साली विडी कामगारांसाठी देशाचा कायदा झाला. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे त्यात मान्य झालं. १९७६ साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा आला. विडी कामगार म्हणून तिच्या नावाचं ओळखपत्र, दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती अशा सोयी मिळू लागल्या. कांडी भरणारी आजी ‘मदत’ होती. विडी वळणारी नात कागदावर ‘कामगार’ झाली. घरी बसून केलेलं काम दोघींचंही होतं, फरक नोंदीचा पडला.

त्या नोंदीच्या जोरावर या बायका संघटनेत एकत्र आल्या आणि घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. कुंभारी इथं महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेची सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली घरांच्या किल्ल्या मिळाल्या. वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या त्याच गोदूताई. पुढं असंघटित कामगारांसाठी रे नगर झालं. तिथल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाला.

आता विडीचंही काम कमी होत चाललंय. तरुण मुली शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत जातात. लहानपणापासून विडी वळलेल्या पन्नाशीच्या बाईला मात्र मशीनवर बसणं सोपं नाही. तिनं काय करावं, हा प्रश्न आज सोलापूरपुढं आहे.

या इतिहासातून आम्ही एवढंच घेतो. काम बदलतं, शहर बदलतं, पण हाताची सवय फुकट जात नाही. सुताला सरावलेली बोटंच विडीला उपयोगी पडली. फुकट जातं ते नोंद नसलेलं काम. म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपण करत असलेली सगळी कामं मोठ्यानं सांगावीत. शेतातलं, गोठ्यातलं, शिवणाचं, सगळं. त्यातल्या कुठल्या कामाचे पैसे आपल्या नावाच्या खात्यात येतात, कुठल्या कामाचा कागद आपल्याकडं आहे, तेही सांगावं. गावातून कुणी बाई शहराकडं निघाली, तर भांड्यांच्या आधी तिची कागदपत्रं पिशवीत आहेत का, ते बघा.