रक्तमेह, रक्तज कृमि आणि कातायामाचें टिपण

जुन्या वैद्यकग्रंथांतील एखादें रोगनाम घेऊन त्यावर आजच्या रोगाचें नांव चिकटविण्याचा मोह संस्कृतज्ञांस फार होतो. आम्हीहि त्यांतून सुटलों नाहीं. चरकसंहितेच्या आमच्या प्रतींत विमानस्थानाच्या सातव्या अध्यायाशेजारीं, समासांत, ‘हाच बिल्हार्झिया’ असें आम्हीं एके काळीं लिहून ठेविलें होतें. ती टीप आतां खोडली आहे. कां खोडली तें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु. कारण त्यांतून हस्तलिखितें जमविणारांनीं घेण्याजोगा बोध निघतो.

प्रथम रोग कोणता तें पाहूं. १८५१ सालीं कैरो येथें थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्यास शवविच्छेदन करितांना शिरांतील रक्तांत राहणारा एक पर्णकृमि सांपडला. त्याची लांबी सुमारें एक सेंटिमीटर. नर मादीस आपल्या अंगाच्या पन्हाळींत धरून राहतो. मूत्राशयाभोंवतालच्या शिरांत मादी अंडीं घालते. तीं मूत्राशयाची भिंत भेदून मूत्राबरोबर बाहेर पडतात व त्यांसवें रक्त जातें. गोड्या पाण्यांत अंडें फुटतें, आंतील सूक्ष्म अळी विशिष्ट जातीच्या गोगलगायींत शिरते, तेथें वाढ होऊन नव्या अळ्या पाण्यांत येतात, आणि पाण्यांत उतरलेल्या मनुष्याच्या कातडींतून शरीरांत जातात.

आतां चरक पाहूं. रक्तज कृमींचें स्थान रक्तवाहिन्या, असें तो सांगतो. ते बारीक, वाटोळे, पाय नसलेले, ताम्रवर्णाचे, आणि कित्येक तर सूक्ष्मपणामुळें न दिसणारे. शिवाय पित्तज प्रमेहांच्या यादींत लोहितमेह आहे. हीं दोन वचनें शेजारीं ठेविलीं कीं काम झालें, असें आम्हांस वाटलें. परंतु या कृमींचा परिणाम म्हणून चरक सांगतो तो केस, नखें व पापण्या यांचा नाश. त्यांची उत्पत्ति व चिकित्सा तो कुष्ठासारखी मानतो. मूत्राचा तेथें संबंध नाहीं. आणि लोहितमेहाच्या लक्षणांत कृमीचा संबंध नाहीं. दोन ठिकाणच्या दोन शब्दांची गांठ आम्हीं मारिली होती, ग्रंथकारानें नव्हे. मूत्रावाटे रक्त तर मुतखड्यानेंहि जातें.

असाच मोह मिसर देशाच्या अभ्यासकांस झाला. सुमारें इ. स. पूर्वी १५५० च्या, एबर्स नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय पपायरसांत ‘आआ’ असा एक शब्द वारंवार येतो. त्यापुढें स्रवणाऱ्या शिश्नाचें चिन्ह असल्यानें तो रक्तमूत्राचा वाचक, म्हणजे बिल्हार्झियाचा, असें कित्येकांनीं ठरविलें. पुढील विद्वानांनीं तो अर्थ अमान्य केला. रोगाचा निर्विवाद पुरावा मात्र निराळ्याच जागीं होता. १९१० सालीं मार्क आर्मांड रफर यांनीं विसाव्या राजवंशांतील दोन ममींच्या मूत्रपिंडांत या कृमीचीं चुनखडी झालेलीं अंडीं दाखविलीं. रोग त्या देशीं तीन हजार वर्षांपूर्वीं होता, एवढें यानें सिद्ध झालें. ‘आआ’ म्हणजे तोच, हें यानेंहि सिद्ध होत नाहीं.

मग लिखित साधन निरुपयोगी कीं काय? तसें नाहीं. जपानांत बिंगो प्रांतीं कातायामा नांवाच्या टेकडीच्या आसपास याच कुळांतील दुसऱ्या एका कृमीचा उपद्रव होता. तो यकृत व आंतडें बिघडवितो. तेथील वैद्य फुजिइ यानें १८४७ सालीं एक लहानसें टिपण लिहिलें. भातशेतांत उतरणारांच्या पायांस पुरळ येऊन असह्य खाज सुटते, गाईघोड्यांसहि तसेंच होतें. पुढें रक्ताचे जुलाब, मग हातपाय वाळून पोट फुगतें व मनुष्य दगावतो, असें त्यानें नोंदलें. लाखरोगणानें भरलेलें एक गलबत तेथें बुडालें होतें, ही लोककथाहि त्यानें लिहून ठेविली. खरें कारण त्यास ठाऊक नव्हतें. जाणत्यांनीं उपाय सांगावा, एवढीच त्याची विनंति. १९०४ सालीं कात्सुरादा यांनीं तो कृमि ओळखला. १९०९ सालीं, त्याच परिसरांत गुरांवर प्रयोग करून, तो कातडींतून शिरतो हें दाखविण्यांत आलें. १९१३ सालीं मियाइरी व सुझुकी यांनीं गोगलगाय शोधून काढली. शेतांतील पाणी, पायांची खाज आणि जनावरें, या तिन्ही गोष्टी फुजिइच्या टिपणांत आधींच होत्या. त्यानें नांवाचा हट्ट धरिला नाहीं. जागा, काल व क्रम तेवढे सांभाळले.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाहीं. १९५२ सालीं गाडगीळ व शहा यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी या गांवीं मूत्राशयाच्या या रोगाचें ठाणें असल्याचें प्रसिद्ध केलें. अशा गांवच्या एखाद्या जुन्या वैद्यानें रोग्याचें नांव, पाणवठा व मिति टिपून ठेविली असेल, तर ती माधवनिदानाच्या दहा नकलांहून अधिक मोलाची ठरेल.

हें आम्ही अनुभवानें लिहितों. एका वैद्यघराण्याच्या रुमालांतून आम्हीं पूर्वीं ग्रंथांच्या पोथ्या तेवढ्या उचलल्या आणि रोग्यांच्या सुट्या चिठ्ठ्या मागें ठेविल्या. पुन्हा गेलों तेव्हां त्या बंबांत गेल्या होत्या. त्या पोथ्यांच्या नकला अन्यत्रहि आहेत. त्या चिठ्ठ्यांची नक्कल कोठेंच नाहीं. यास्तव संग्राहकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, वैद्याचें बाड हातीं येईल तेव्हां त्यांतील फाटकी चिठ्ठी प्रथम उचलावी.