बोर्ड : एका फळीचा इतिहास

शाळेच्या भिंतीवरील काळी फळी तो बोर्ड; दुकानावरील पाटी तोही बोर्ड; विद्यार्थी राहून जेवतात तें बोर्डिंग; आणि परीक्षेचा निकाल लावतें तें पुन्हां बोर्डच! एका शब्दानें इतकीं कामें करावीं कशीं, असा प्रश्न मराठी माणसास पडल्यास नवल नाहीं.

जुन्या इंग्रजींत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. त्याच उच्चाराचा, पण कड किंवा गलबताची बाजू या अर्थाचा दुसराही एक शब्द होता. पुढें दोहोंचा संगम झाला. जहाजाच्या उजव्या बाजूस ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, त्याचा ताऱ्यांशीं कांहीं संबंध नाहीं. पूर्वी त्या बाजूस सुकाणूचें वल्हें असे, इतकेंच.

जमिनीवर मात्र या फळीचा संसार फार वाढला. मध्ययुगीन इंग्लंडांत लाकडी घोड्यांवर सुट्या फळ्या मांडून जेवणाचें मेज करीत आणि जेवणें आटोपलीं कीं त्या उचलून ठेवीत. म्हणून मेजासच बोर्ड म्हणूं लागले. मग मेजावरील अन्नास, आणि पुढें पैसे घेऊन घातलेल्या जेवणासही. आपल्याकडेही झाडाचें पान जेवणाचें पान झालें, आणि पंक्तीस पंचवीस पानें उठलीं असें म्हणतांना तर जेवणारा माणूसच पान होतो. त्यांतलाच हा प्रकार.

जेवणाच्या मेजाभोंवतीं बसतात, तसें मसलतीच्या मेजाभोंवतींही बसतात. तीं बसणारीं माणसेंच अखेर बोर्ड झालीं! १७८४ सालीं पिटच्या कायद्यानें लंडनमध्यें ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झालें व १८५८ पर्यंत त्यानें कंपनीच्या कारभारावर देखरेख केली. हिंदुस्थानचें भवितव्य ठरविणाऱ्या त्या मेजाशीं एकाही हिंदी माणसास जागा नव्हती.

मुंबईस १८४० सालीं ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ निघालें. तेथें मात्र नाना शंकरशेट सभासद होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर. विद्या सामान्य जनांपर्यंत पोंचवायची तर ती त्यांच्याच भाषेंतून दिली पाहिजे, हा नानांचा आग्रह. हा वाद पुष्कळ दिवस चालला. १८५५ सालीं त्या बोर्डाची जागा शिक्षणखात्यानें घेतली, पण शब्द राहिला. १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत लोकल बोर्डें आलीं आणि ‘बोर्डाची शाळा’ खेडोपाडीं रुळली. मराठी जिल्ह्यांतल्या त्या शाळांतून मुलें मराठी मुळाक्षरेंच गिरवीत असत.