स्पितीपर्यंत गेलेला सांधा

२०१८च्या फेब्रुवारीत आंबिवली स्थानकातला पादचारी पूल प्रवाशांसाठी खुला झाला. तो बांधला होता लष्कराने. आदल्या वर्षी २९ सप्टेंबरला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर तीन पुलांचं काम लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाकडे सोपवलं गेलं: एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि कल्याणपुढचं आंबिवली. इतर वेळी वर्षानुवर्षं रखडणारं काम जवानांनी काही महिन्यांत पुरं केलं. तयार पोलादी भाग आणायचे आणि जागेवर एकमेकांना जोडत न्यायचे, ही सैन्याची जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धातल्या बेली पुलाची चौकट सहा माणसं उचलू शकत, आणि त्या पुलाचं सगळं मोल त्या सहा माणसांत होतं. क्रेन जिथे पोचत नाही तिथेही माणसं पोचतात.

हाच विचार शांततेच्या काळात, डोंगरातल्या गावांसाठी नव्याने करणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली. शकुंतला भगत. आंबिवलीचा पूल रोज चढणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल.

शकुंतलाबाईंचा जन्म ६ फेब्रुवारी १९३३चा. वडील एस. बी. जोशी हे नावाजलेले पूल-अभियंते, त्यामुळे गाळा, खांब, तुळई हे शब्द घरातलेच. माटुंग्याच्या व्हीजेटीआयतून १९५३ साली त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. ‘भारतातली पहिली महिला सिव्हिल इंजिनिअर’ असा त्यांचा उल्लेख ठिकठिकाणी होतो, पण तो जपून करायला हवा. मद्रासजवळच्या गिंडी कॉलेजातून पी. के. थ्रेसिया १९४४ सालीच स्थापत्य अभियंता झाल्या होत्या आणि पुढे केरळच्या मुख्य अभियंता म्हणूनही त्यांनी काम पाहिलं. पहिलेपणाचा शिक्का बाजूला ठेवला तरी शकुंतलाबाईंचं काम उणं होत नाही. उलट त्या शिक्क्यापाशीच थांबल्यामुळे त्यांनी नेमकं काय केलं, हे सांगायचं राहून जातं.

बांधकामाच्या धंद्यात बाई ही गोष्ट मात्र आपल्या कल्याण-कर्जतच्या परिसराला त्याआधी जवळजवळ शंभर वर्षांपासून ठाऊक होती. बोरीबंदर ते ठाणे हा पहिला रेल्वेमार्ग बांधणारा कंत्राटदार फॅव्हिएल. १ मे १८५४ला गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. पुढे भोरघाटाचं कंत्राटही फॅव्हिएलनेच घेतलं आणि १८५९च्या मार्चमध्ये सोडून दिलं. मग सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने कंत्राट आपल्याकडे ठेवलं, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना कामावर उभं केलं आणि १८६३च्या एप्रिलमध्ये घाटातून गाडी धावली. अ‍ॅलिस अभियंता नव्हती. पण कर्जत सोडून गाडी घाट चढू लागते तेव्हा तिची आठवण व्हायलाच हवी.

शकुंतलाबाईंनी लंडनच्या सिमेंट अँड काँक्रीट असोसिएशनमध्ये संशोधन केलं, १९६४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली. आयआयटी मुंबईत त्या शिकवत आणि तिथल्या अवजड संरचनांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. चांगली, मानाची, स्थिर जागा. त्या तिथे निवृत्तीपर्यंत सुखाने राहू शकल्या असत्या.

त्यांच्या मनात घोळत होता तो सांधा. पोलादी कैचीचा पूल पाहिला की नजर लांबलचक पट्ट्यांवर जाते, पण खरी परीक्षा असते ते जिथे भेटतात तिथे. रिवेट मारायचे तर भट्टी आणि तयार हात हवेत. वेल्डिंगला वीज आणि कसबी वेल्डर हवा, आणि केलेला जोड तपासायचा कसा हा प्रश्न उरतोच. बोल्टसाठी भोक पाडलं की पट्टी तेवढी कमजोर होते. कारखान्यात हे सगळं साधतं. दहा हजार फुटांवरच्या नदीकाठी साधत नाही. शिवाय प्रत्येक नदीसाठी वेगळा आराखडा, वेगळे सुटे भाग, म्हणजे वेगळा खर्च; मग ज्या गावात शंभर उंबरे आहेत त्याचा पूल कायम यादीच्या तळाशी.

पती अनिरुद्ध भगत यंत्र अभियंते. दोघांनी मिळून १९६८च्या सुमारास एक संपूर्ण पद्धतच मांडली: ठरावीक मापाचे मोजके भाग कारखान्यात घडवायचे आणि त्याच भागांच्या जुळणीतून वेगवेगळ्या रुंदीचे, गाळ्यांचे आणि कमीजास्त वजन पेलणारे पूल उभे करायचे. ते भाग एकत्र धरणाऱ्या जोडणीला त्यांनी नाव दिलं युनिशिअर कनेक्टर. १९७२ साली तिला इन्व्हेन्शन प्रमोशन बोर्डाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याआधी, १९७० साली, दोघांनी क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली होती.

पैसे कुणी घालेना. सरकारी खाती बिचकत होती आणि गुंतवणूकदारही. पूल ही चूक पचवणारी वस्तू नाही, त्यामुळे अनोळखी सांध्यावर बस चालवायला कुणी धजावत नाही हे समजण्यासारखं आहे. भगत दांपत्याने स्वतःचे पैसे ओतले.

अभियंत्याची समाजसेवा म्हटली की आपल्याला नोकरीनंतरच्या वेळात चालवलेली अभ्यासिका किंवा दत्तक घेतलेलं गाव आठवतं, आणि तेही मोलाचंच. शकुंतलाबाईंची सेवा ड्रॉइंग बोर्डवरच सुरू होत होती. कुठलं गाव पुलाला परवडेल हे त्या सांध्याच्या आकारावर ठरणार होतं, आणि तो आकार त्यांच्या हातात होता. पुढे ब्रिटन, अमेरिका, जर्मनीतल्या पुलांच्या कामांतही त्यांचा वाटा राहिला. १९९३ साली ‘वुमन इंजिनिअर ऑफ द इयर’ हा सन्मान झाला. १४ ऑक्टोबर २०१२ला त्या गेल्या.

पण पद्धतीची पहिली खरी कसोटी लागली ती हिमाचलात. साल १९७२. स्पितीचं खोरं म्हणजे थंड वाळवंट. रोहतांग आणि कुंझुम या खिंडी बर्फाने बंद झाल्या की मनालीकडून जाणारी वाट तेव्हा हिवाळाभर मिटत असे. सिमेंट, खडी, यंत्रं, मजूर, सगळं मोकळ्या महिन्यांतच वर चढवायचं. चार महिन्यांत तिथे दोन लहान पूल उभे राहिले, आणि चार महिने म्हणजे तिथला कामाचा जवळजवळ अख्खा हंगाम. आजूबाजूच्या जिल्ह्यांत बातमी पोचली आणि मागण्या येऊ लागल्या. १९७८पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत ६९ पूल बांधून झाले होते.