शेजारची फांदी

कयाधू नदीच्या कांठचें नरसी हें नामदेवांचें जन्मगांव मानलें जातें; त्यांचा जन्म इ. स. १२७० मधला, असें परंपरा सांगते. त्यांच्या बालपणाची एक कथा प्रसिद्ध आहे. आईनें औषधासाठीं झाडाची साल आणावयास सांगितली. साल काढून आणल्यावर मुलानें कुऱ्हाड स्वतःच्या पायावर चालवून पाहिली; झाडाला काय वाटलें असेल हें कळावें म्हणून! ही कथा इतिहासाच्या कसोटीस लावण्याचें कारण नाहीं. पण याच गांवांत कोणाच्या परसांतली चिंच शेजाऱ्याच्या पत्र्यावर ओणवली, तर कुऱ्हाड कोणीं आणि कोणाला विचारून चालवावी, हें कांहीं ती सांगत नाहीं. त्यासाठीं धर्मशास्त्राकडे आणि राजशासनाकडे वळावें लागतें.

याज्ञवल्क्यस्मृतींत उपयोगी वृक्षाची फांदी तोडणारास वीस पण, खोड तोडणारास चाळीस व समूळ वृक्ष तोडणारास ऐंशी पण दंड सांगितला आहे. वृक्ष सीमेवरचा किंवा देवालयाचा असेल तर दंड दुप्पट. सीमेवरचें झाड म्हणजे हद्दीचा जिवंत साक्षीदारच होता.

रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र (इ. स. १७१५ चा सुमार) याहून पुष्कळ पुढें जातें. आरमाराला लांकूड हवेंच होतें, आणि आंब्याफणसाचें लांकूडही उपयोगाचें होतें. तरी त्या झाडांना हात लावूं नये, असें तें बजावतें. तीं वर्षादोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बळजबरी करूं नये. ज्याच्या हातीं तलवार आहे त्यानें झाडाच्या धन्याची मर्जी विचारावी, हें मला त्या ग्रंथांतील दुर्गांच्या प्रकरणापेक्षांही मोठें वाटतें.

इंग्रजी कायद्यानें दुसरी वाट धरली. लेमन विरुद्ध वेब या खटल्यांत १८९४ सालीं तेथील लॉर्डांच्या सभेनें ठरविलें कीं, आपल्या हद्दींत आलेली फांदी, शेजाऱ्याच्या जमिनींत पाऊल न टाकतां, पूर्वसूचनेवांचूनही तोडतां येते. आपल्या न्यायालयांनींही फांदी तोडण्याचा हक्क मानला. हक्क स्पष्ट आहे, पण तो कुंपणाच्या रेषेपाशीं संपतो. आणि झाडाला कुंपण ठाऊक नसतें.

फांदी खोडाला मिळते तेथें एक फुगीर कडें असतें. पूर्वीं माळी फांदी खोडालगत सपाट छाटीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अॅलेक्स शायगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञानें हजारों झाडें उभीं चिरून दाखविलें कीं, तें कडें राखून घाव घातला तरच झाड जखम नीट बुजवतें. कडें कापलें, किंवा लांब खुंट ठेवला, तर कूज आंत शिरते. आतां कुंपणाच्या रेषेवर कापलेली फांदी म्हणजे असा खुंटच नव्हे काय? योग्य घाव धन्याच्या परसांत उभें राहूनच घालतां येतो, आणि फांदी पडते ती शेजाऱ्याच्या पत्र्यावर. आज्ञापत्रानें मागितलेली संमति झाडाच्या शरीररचनेलाही हवी असते, ती अशी. (शहरांत १९७५ च्या कायद्याप्रमाणें वृक्षप्राधिकरणालाही विचारावें लागतें, तें निराळेंच.)

शेजारी राजी झाल्यावर काम अवघड नाहीं. कड्यापासून हातभर अंतरावर फांदी आधीं खालून थोडी कापावी, मग त्याच्या जरा पलीकडे वरून आरपार; म्हणजे साल सोलत खोडापर्यंत जात नाहीं. भार उतरला कीं उरलेला खुंट कड्याशीं काढावा. फांदीला बांधलेला एक दोर मात्र शेजाऱ्याच्या अंगणांतून धरावयास कोणी हवें. आणि उतरलेल्या फांदीवरच्या चिंचा त्याच अंगणांत राहूं द्याव्या.